नाचणीची दुसरी खेप

आत्या,

तुझ्या बाराव्याला मम्मीने पानावर चहा ठेवला. कोरा, बिनसाखरेचा, तुझ्याच स्टीलच्या पेल्यात. भाताच्या मुदीशेजारी पेला टेकवत ती म्हणाली, "ताईंना दुसरं काही लागायचंच नाही." पडवीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. माझ्या सॅकमध्ये स्वेटरात गुंडाळलेली एक काचेची बाटली होती आणि तिच्याबद्दल त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "मान हलवायला तुला बरं जमतं गो."

जमतंच. आपलं भांडणही त्यावरच होतं. गेलं दीड वर्ष तू पप्पांना एक गोष्ट सांगायला निघायचीस आणि मी तुला अडवायचे. भांडण मिटायच्या आधीच तू गेलीस. म्हणून आता हे मलाच लिहावं लागतंय. तू प्रत्येक धड्याच्या आधी विषय फळ्यावर लिहायचीस, तसा आधी विषय लिहिते. आपण दोघी पुण्यात बिअर तयार करणाऱ्या लहान लहान जागा बघत हिंडायचो आणि तिथल्या बिअरची चव घ्यायचो. कापडे गावच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई आणि तिची भाची.

सुरुवात तुझ्या मोतीबिंदूपासून झाली. ऑपरेशन पुण्यात होतं, म्हणून तू माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर राहिली होतीस. त्या शनिवारी ऑफिसातले सगळे एका ब्रुअरीत जाणार होते. मी नेहमीप्रमाणे नाव दिलं होतं आणि नेहमीप्रमाणे ऐनवेळी बरं नाही म्हणून कळवत होते. तू मागे उभी राहून फोनवर वाचलंस.

"बरं नाय? कुणाला?"

"मला. म्हणजे तसं नाही गं, कंटाळा आलाय."

"मला तर तू बरी दिसतेस. आणि माझा डोळा आत्ताच नवीन बसवलाय."

मग कुठे जायचं होतं ते विचारलंस. मला वाटलं, ब्रुअरी म्हटलं की विषय संपेल. तू विचारलंस, "तिथं ती बनवताना दाखवतात?" हो म्हटल्यावर तू काळा चष्मा लावून दारात चपला घालायला लागलीस.

ऑफिसातल्या लोकांना मी "माझी आत्या" एवढंच सांगितलं आणि गप्प बसले. पुढचा तास तूच बोललीस. गमबूट घातलेली एक बाई आम्हाला टाक्या दाखवत होती. अनघा तिचं नाव. वाईची. तिने काचेच्या बरणीतून मूठभर दाणे काढून सगळ्यांच्या हातावर ठेवले. बाकीच्यांनी फोटो काढले. तू दाणा दाताखाली फोडलास.

"हा सातू. मोड आणून वाळवलाय."

अनघा चमकली. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? नाचणीचं सत्त्व करताना आम्ही हेच करतो. भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड काढायचे, वाळवायची. मोड आले की गोडी येते. त्याच्यापुढं आम्ही दळतो आणि लेकरांना घालतो. तुम्ही काय करता?"

तिने गरम पाण्याची टाकी उघडून दाखवली. वाफ वर आली आणि तू एकदम बोलायची थांबलीस. मला वाटलं, डोळ्याला वाफ लागली. मी तुझा दंड धरला, तर तू माझा हात सोडवून आणखी पुढे वाकलीस.

का थांबलीस ते तू परतताना रिक्षात सांगितलंस. आजोबा प्यायचे हे मला माहीत होतं. आमच्या घरात ते एका वाक्यात सांगितलं जातं आणि त्यानंतर कुणी काही विचारत नाही. तू मात्र त्या दिवशी वासाबद्दल सांगितलंस. ते दारात आले की आधी वास यायचा. तो आला की तू आणि पप्पा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचात. तू पप्पांच्या तोंडावर हात ठेवायचीस, कारण ते लहान होते आणि रडायचे. त्यानंतरची सगळी वर्षं, कुठल्या बसमध्ये शेजारचा माणूस पिऊन बसला असेल तर तू जागा सोडून उभी राहायचीस.

"मला वाटलं, तिथं तोच वास येणार," तू म्हणालीस. "तयारीनंच गेले होते. आणि वास कसला आला म्हाईत आहे? आई खापरीवर मोडाची नाचणी भाजायची, त्याचा. चुलीपाशी आम्ही दोघं बसलेलो असायचो. तुझा बाप चाखायला बोट पुढं करायचा आणि चटका लागला की माझ्यावर ओरडायचा." उतरताना म्हणालीस, "हे त्याला सांगायला पाहिजे."

मी लगेच म्हटलं, "नको."

पुढे दर दोन महिन्यांनी तू "डोळा दाखवायला" पुण्याला यायला लागलीस. डोळा ठणठणीत होता. कापड्याहून महाबळेश्वरमार्गे येणारी एसटी, मांडीवर पिशवी, पिशवीत माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या. घाटात तुला मळमळायचं, तरी यायचीस. बाणेरला गेलो, मुंढव्याला गेलो, एकदा हिंजवडीच्या पुढे एका शेतातल्या शेडमध्ये गेलो. तिथे टेबलं कमी आणि कुत्री जास्त होती. तुझी पद्धत ठरलेली होती. आधी टाक्या बघायच्या, मग बसायचं. लाकडी फळीवर चार लहान ग्लास यायचे. प्रत्येकातला एक घोट तुझा, उरलेलं माझं. मध्ये साधं पाणी आणि पाव. पोरांनी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या पानावर लिहावं, तशी चव वेगळी ठेवायची.

वेटर इंग्रजीत सुरू व्हायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी कार्डाकडे बघायचे. तू विचारायचीस, "यातली कडू कुठली?"

मग शेरे. संत्र्याची साल घातलेली गव्हाची बिअर: "पहिल्या बाकावरची. सगळ्यांना आवडते, लक्षात कुणाच्या राहत नाय." खूप हॉप्सवाली, म्हणजे ती कडू फुलं भरपूर घातलेली: "मागच्या बाकावरची. उद्धट आहे, पण हिला डोकं आहे." काळी बिअर तू दोनदा चाखलीस: "करपलेल्या भाकरीचा पापुद्रा खाल्ल्यासारखं वाटतं. लहानपणी तो नेहमी मलाच मिळायचा." आंब्याच्या बिअरला तर तू ग्लास बाजूलाच सारलास. "आंब्याला असं छळू नये."

हे शेरे ऐकून शेजारच्या टेबलावरचे लोक हसायचे, तेव्हा मी लाजून पिशवीत काहीतरी शोधायचे. आता सांगते, ते हसले की मला छान वाटायचं. मी मात्र कधी हसून दाखवलं नाही. तुला वाटत असेल, मला तुझी लाज वाटते. एकदा तू विचारलंही होतंस आणि मी "काहीतरीच" म्हणून उठले होते. खरं उत्तर असं की मला माझीच वाटायची. तू तासाभरात चार अनोळखी माणसांशी बोलायचीस आणि मी ज्यांच्याबरोबर चार वर्षं काम करते त्यांच्याशी चहाच्या मशीनपाशीही बोलत नाही.

भांडण खरं पेटलं ते महाडला. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले होते आणि तू कापड्याहून आली होतीस. चवदार तळ्याच्या कट्ट्यावर आपण बसलो होतो. तिथून घर पाच मिनिटांवर. तू म्हणालीस, "चल, आज सांगून टाकू. तो आता घरी असेल."

मी म्हटलं, "आत्या, ते तुला देवासारखं मानतात. आणि मला पुण्यातून परत बोलावतील."

"नाय बोलावणार."

"तुला माहीत नाही."

"मला नाय म्हाईत? त्याचा शेंबूड मी पुसलाय." मग तू आवाज खाली आणलास. "हे बघ गो, मला बिअर पिते ते सांगायचं नाय. मला त्याला सांगायचंय की तो वास गेला. माझा गेला. त्याचा अजून गेलेला नाय. सर्वपित्रीला बाबांच्या पानावर क्वार्टर ओततात, तेव्हा तो तोंड फिरवतो. साठीचा माणूस. बाटली दरवर्षी मी ओतते. का, तर त्याच्यानं होत नाय."

मला ते कळलं होतं, आत्या. तरी मी म्हटलं, "प्लीज. माझ्यासाठी."

तू उठलीस, चपला घातल्यास आणि म्हणालीस, "बरं." घरी जाऊन पप्पांना डोळ्याच्या डॉक्टरचं कौतुक सांगत बसलीस. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर तू रागावली असशील म्हणून मी वाट बघत होते, तर तुझा फोन नाचणीचा. तू अनघाला कधीच विचारून ठेवलं होतंस की नाचणीची बिअर का करत नाही. ती म्हणाली होती, मोडाची चांगली नाचणी मिळाली तर करून बघेन. नाचणी झोडून झाली होती. तू पाच किलो भिजवलीस. पिशवी एसटीत चढवायला पप्पाच आले होते, ते त्यांनीच मला फोनवर सांगितलं. "ताईने तुझ्या मैत्रिणीच्या बाळाला सत्त्वाची नाचणी पाठवलीय. एका बाळाला पाच किलो? मी विचारलं तर म्हणते, मोठं कुटुंब आहे."

पहिली खेप फसली. अनघाने आपल्याला पुढ्यात बसवून ग्लास दिला आणि तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तू घोट घेतलास, तोंडात घोळवलास.

"ही आंबील झाली. नापास."

तिचा चेहरा पडला. तू तिच्या हातावर थोपटलंस. "पण पुन्हा बसू द्या तिला. चूक माझी आहे. मोड मी सावलीत वाळवले, पुरते वाळले नाय. आता उन्हात घालते आणि वर खापरीवर भाजून देते."

त्याच दिवशी, पाव खाता खाता, तू सहज विचारलंस, "मी गेल्यावर माझ्या पानावर काय ठेवाल गो तुम्ही?"

मी म्हटलं, "चहा." विषय बदलावा म्हणून म्हटलं. तू हसलीस आणि "बरं" म्हणालीस. पुन्हा तेच बरं.

दुसरी पिशवी तू फेब्रुवारीत पाठवलीस. मार्चमध्ये तू गेलीस. आणि तू गेल्यावर चौथ्या दिवशी अनघाचा मेसेज आला: "मावशींना सांग, दुसरी खेप तयार आहे. या वेळी घाबरून चाखलीच नाही मी, त्यांच्या आधी नको." मी तिला उत्तर दिलं. बाराव्यापर्यंत मी पुण्याला परतले होते, तेव्हा दोन दिवसांनी ती स्वतः माझ्या ऑफिसच्या खाली एक बाटली घेऊन उभी होती. बूट तेच, गमबूट.

तर बारावं. कापड्याच्या घरी पान वाढून झालं होतं. वडे, खीर, अळू आणि गूळ न घातलेलं कारलं. ते मम्मीने आठवणीने केलं होतं. पप्पा पान उचलून फणसाखाली ठेवायला निघाले. मी म्हटलं, "पप्पा, थांबा." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा सगळेच वळले.

मी बाटली काढली. भाऊकाकांनी, पप्पांच्या चुलत भावाने, डोळे बारीक केले. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून ते सगळं मोठ्याने विचारतात. "काय हाय ते?"

"बिअर."

"काय?"

"बिअर, काका."

"अगो, पान कुनाचं हाय ते तरी बघ. ते तुझ्या आजोबांच्या पानाला. ही मास्तरीन हाय."

मम्मी म्हणाली, "सायली, आत ठेव ते."

मी ठेवलं नाही. म्हटलं, "आत्याला आवडायची. म्हणजे चव घ्यायला. ती डोळा दाखवायला येत नव्हती, माझ्याबरोबर यायची." आणि मग, एकदा तोंड उघडल्यावर, एकामागून एक येत गेलं. सातूचा दाणा, चार ग्लास, शेरे. कुठल्या क्रमाने सांगितलं ते आठवत नाही. पप्पांनी पान परत ओट्यावर ठेवलं.

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"ताईने मला का नाही सांगितलं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. तू नव्हतीस सांगायला. "मी सांगू दिलं नाही. ती दर वेळी सांगते म्हणायची. मी नको म्हणाले."

ते रागावतील म्हणून मी तयार होते. पण त्यांचा आवाज अगदी साधा होता. "ती तशीच. रडू नको म्हणून माझ्या तोंडावर हात ठेवायची, आणि स्वतःच्याही. माझ्यासाठी गप्प बसली, मग तुझ्यासाठी."

मम्मी उठून आत गेली. रागावून गेली असं मला वाटलं. ती दुसरा पेला धुऊन घेऊन आली आणि माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

मी बूच काढलं. पप्पांनी सवयीने तोंड फिरवलं, अगदी तू सांगितलं होतंस तसं. मी म्हटलं, "पप्पा, ही आपल्या नाचणीची आहे. तुम्ही एसटीत चढवलेली पिशवी." ते तसेच उभे होते, फणसाकडे बघत. मग त्यांचं तोंड हळूहळू इकडे वळलं. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि नाकाशी धरली. आधी लांब, मग जवळ.

"खापरी," ते म्हणाले. "आई भाजायची तो वास हाय हा." इतकी वर्षं महाडच्या कॉलेजात लिपिक म्हणून शुद्ध बोलणारा माणूस 'हाय' म्हणाला. "मी बोट घालायचो आणि भाजून घ्यायचो. ताई हसायची."

आत्या, मी त्यांना चुलीचं सांगितलं नव्हतं. शपथ. सांगायच्या गोष्टींच्या माझ्या मनातल्या यादीत ते शेवटी होतं आणि तिथपर्यंत मी पोचलेच नव्हते. तुला जे सांगायचं होतं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मी फक्त दीड वर्ष उशीर केला.

ते ओतायला लागले आणि सगळा फेसच वर आला. मी म्हटलं, "पेला तिरका धरा. ती तिरका धरायची." त्यांनी धरला. आता तोंड समोर होतं. भाऊकाका वाकून बघत होते. म्हणाले, "फेस बसू दे रे, मग ठेव. उतू जाईल पानावर."

फेस बसला. पेला चहाच्या शेजारी गेला. चहा आम्ही काढला नाही. तोही तुझाच होता.

बाटलीत थोडी उरली होती. पप्पांनी ती स्वतः घेतली नाही, घेणारही नाहीत, आणि तूही त्यांना आग्रह केला नसतास. त्यांनी बाटली माझ्यापुढे केली. "तू चाख. ताईला कळवायला नको? कशी झालीय?"

सगळ्यांसमोर मी एक घोट घेतला. तुझ्यासारखा तोंडात घोळवला. आंबट नव्हती. आधी भाजल्याची चव, मग बारीकशी गोडी, आणि शेवटी जिभेच्या मागे थोडं कडू, तुला हवं असायचं तेवढंच. मला अनघाची आठवण झाली, ती अजून न चाखता थांबली होती.

"कशी हाय?" भाऊकाकांनी विचारलं.

"पास," मी म्हटलं.

"काय?"

मग मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.